कुणाच्या हातची

॥ श्रीहरिः ॥
बनशंकरी, बेंगळूर
पाडवा, ६ एप्रिल २०१९

चि. देवव्रत,

तुझा ड्रायव्हर सकाळी येऊन उदबत्त्यांचा खोका देऊन गेला. मी कडुलिंब नि गूळ कालवत होते, हात भरलेले होते, म्हणून त्यानं तो ओट्यावरच ठेवला. बाहेरून नवी खेप आली की पहिला खोका तू आमच्याकडे धाडतोस. का धाडतोस ते मला कळतं, म्हणून परत केला नाही. पण देवापुढे लावत नाही हेही सांगून ठेवते. तुझ्या बत्त्या मी मोरीत लावते. डास जातात. घरखर्चाच्या वहीत त्या मी डासांच्या खात्यावर घातल्या आहेत.

वाईट वाटून घेऊ नकोस. वाईट वाटावं म्हणूनच लिहिलं खरं तर, पण आता सणाच्या दिवशी नको.

पत्र लिहायचं कारण असं की तुझा फोन नयना उचलते, आणि इथे ह्यांच्यासमोर तुझं नाव निघालं की हे चपला घालून कारखान्यात जाऊन बसतात. तू येलहंक्याला वेगळं गोडाऊन थाटलंस तेव्हापासून हे असंच. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई, बोलण्यापेक्षा लिहिताना कमी अडखळते.

मागणं एकच आहे. तू व्हिएतनामहून कोऱ्या बत्त्यांचे कंटेनर आणतोस. इथे त्या अत्तरात बुडवून मोठ्या कंपन्यांना देतोस. त्यातला अगदी थोडा भाग आपल्या बायकांकडून वळून घे. वसुमती आणि तिच्या गल्लीतल्या बायका. चिकपेटची दुकानं आता आमची हातवळणीची बत्ती ठेवत नाहीत, म्हणतात तिच्यापेक्षा कमी भावात बाहेरची दारात येऊन पडते. एक मठाची ऑर्डर तेवढी उरली आहे, ती श्रावणात, स्वामींच्या आराधनेच्या आसपास लागते. बाकीचं वर्ष ह्या बायकांनी काय वळावं?

ह्यांना, तुझ्या अण्णांना, हे पत्र माहीत नाही. त्यांना जरा खोकला आहे, विशेष काही नाही, हवा बदलली की होतो.

तुझी,
वहिनी


२ मे २०१९

चि. देवव्रत,

तुझ्याऐवजी नयनाचा फोन आला. चांगली बोलली. जाऊ असली तरी पुण्याची मुलगी, सगळं स्पष्ट सांगते. म्हणाली, "वहिनी, इश्यू पैशांचा नाहीये. हाताने केलेली बत्ती अनइव्हन असते. एक जाड, एक बारीक, एक वाकडी. आमच्या पॅकिंगच्या मशिनमध्ये अडकते, मग आख्खी लाइन बंद पडते."

मी म्हटलं, "अगं, माणसाच्या हातची आहे, थोडी वाकडी असणारच."

"तेच तर म्हणते मी," ती म्हणाली.

मला हसू आलं. रागही आला. तिनं काही खोटं सांगितलं नाही, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. शेवटी म्हणाली, "तुम्ही अण्णांना सांगा ना, कोरा माल आमच्याकडून घ्या, अत्तर घरचं, छाप घरचा. सगळे तेच करतात." मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे रात्री जेवले नसते, आणि अन्न टाकलेलं मला चालत नाही.

तू स्वतः का बोलला नाहीस? लहानपणी कारखान्यातली बत्ती उचलून हुंगलीस म्हणून सासूबाईंनी तुला दिवसभर देवघराबाहेर बसवलं होतं, तेव्हा माझ्या पदराला धरून रडत होतास. लग्न होऊन आले तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास. "देवाच्या आधी वास घ्यायचा नाही," एवढंच सासूबाई म्हणत. त्यांच्या पश्चात ती रीत माझ्याकडे आली. नव्या घाण्यातली पहिली बत्ती घरी यायची, तोपर्यंत कुणी हुंगायची नाही. देवापुढे पेटवताना ज्या बाईनं वळली तिचं नाव घ्यायचं, म्हणजे तिच्या हातचं तिच्या पदरी पडतं. मग वास घेऊन मी "सरी", म्हणजे ठीक, म्हटलं की माल बाहेर जायचा. लोक कारखान्यात त्यासाठी माणसं ठेवतात म्हणे. आपल्याकडे देवघर होतं.

ह्यांना अडुळशाचा काढा देते आहे.

वहिनी


१९ जून २०१९

चि. देवव्रत,

हे पत्र पाठवीन की नाही माहीत नाही. लिहून ठेवते.

काल दुपारी वसुमती आली होती. दारातच बसली, आत ये म्हटलं तर नको म्हणाली. म्हणते, "अक्का, यजमानांना विचारा, मसाला नि काडी कधी देणार? वळायची फळी भिंतीला टेकवून ठेवली आहे, तिच्यावर आता मांजर झोपतं." आमच्या गल्लीत कुणालाच काम नाही म्हणाली. मी म्हटलं, मसाला यायचा असेल. तिला ताक दिलं. पिऊन भांडं विसळून उपडं घालून गेली. तिची ती सवयच.

दिवेलागणीला हे घरी आले. जिन्यावर दोनदा बसले. हे लिहायचं नव्हतं, लिहून गेलं. खोडत नाही, कागद खराब होतो.

हातपाय धुऊन त्यांनी केळीच्या पानात गुंडाळलेली बत्ती माझ्या हातात दिली. मठाच्या ऑर्डरचा पहिला घाणा म्हणाले. मी विचारलं, "कुणाच्या हातची?"

हे म्हणाले, "वसुमतीच्या."

बत्ती माझ्या चिमटीत होती. देवव्रत, आपली काडी कोयत्यानं चिरलेली असते, चौकोनी, बोटाला धार लागते. ही गुळगुळीत गोल होती. तुझ्या खोक्यातल्यासारखी. मोरीत रोज एक लावते मी, बोटांना ओळख झाली आहे. चिकपेटच्या कुठल्या तरी व्यापाऱ्याकडून कोरी आणून त्यांनी आपल्या अत्तरात बुडवली असणार. तुझ्याकडून थेट घेतली असती तर तुझ्यापुढे मान खाली घालावी लागली असती.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समईची वात सारखी करत होते. समईची वात ते कधी सारखी करत नाहीत.

मी बत्ती पेटवली आणि देवापुढे वसुमतीचं नाव घेतलं. मोठ्यानं घेतलं. दुपारी जी काम मागत माझ्या दारात बसली होती, तिचं.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं. पाठमोरेच होते.

"सरी," मी म्हटलं.

अत्तर आपलंच होतं, वास आपलाच आला. पण त्याच्या खाली काही नव्हतं. मसाल्याची बत्ती विझली तरी खोलीत मागे राहते. ही संपली की संपली. रात्री हे माझ्याशी फार गोड बोलले. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्या गोड बोलण्याचीच भीती वाटली.

तुझ्यावर राग धरायचा असं ठरवून लिहायला बसले होते. तो कुणावर ठेवावा तेच कळेनासं झालं आहे.

वहिनी


२० ऑगस्ट २०१९

चि. देवव्रत,

जूनमध्ये लिहून ठेवलेलं पत्रही ह्याच पाकिटात घातलं आहे. आराधना झाली. तीनही दिवस मी मठात गेले होते. तुम्ही दोघं आला नाहीत, नयनाच्या ऑफिसचं काही असेल.

मला वाटलं होतं, काही तरी होईल. म्हणजे कुणी तरी ओळखेल. एवढे वैदिक, एवढे जुने लोक, वर्षानुवर्षं ह्याच बत्त्यांच्या धुरात बसलेले. गाभाऱ्यासमोर उदबत्तीच्या पितळी घरात झुबकेच्या झुबके लावले होते. मी खांबाआड बसून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. कुणीतरी नाक वर करील, म्हणेल, "भीमाचार्य, हे काय?" मग हे खाली पाहतील, घरी येऊन मला सगळं सांगतील आणि आपण पुन्हा वसुमतीकडे मसाला पाठवू. असं सगळं मी बसल्या जागी ठरवलं होतं.

मठाचे व्यवस्थापक प्रसादाच्या पंगतीत ह्यांच्याजवळ आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "आचार्य, यंदा बत्त्या उत्तम. सगळ्या एकसारख्या, सरळ. एकही मध्ये विझली नाही. आधीपासूनच असं का नाही केलंत?"

ह्यांनी हात जोडले. पानावरचं काही खाल्लं नाही. सगळं तसंच उष्टं टाकून उठले, आणि मी त्यांना काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी रविकिरण मुकादमाला सांगून मसाला कुटायचं यंत्र विकायला काढलं. मोडीतच गेलं. माझ्या लग्नात आमच्या बाबांनी दिलेल्या पातेल्याला जास्त आले असते.

वसुमतीकडे प्रसाद घेऊन गेले होते. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ती आता महादेवपुऱ्याला कामाला जाते, पहाटे कंपनीची गाडी नाक्यावर येते. प्रसाद शेजारणीकडे ठेवला. नाव माझं सांगितलं नाही.

एक्सरे काढला. डॉक्टर विचारत होते, "धुरात काम करता का?" हे म्हणाले, "देवाचा धूर आहे." डॉक्टर लिहीत राहिले.

तू ये म्हणत नाही. फक्त कळवलं.

वहिनी


२२ सप्टेंबर २०१९

चि. देवव्रत,

परवा तुझा आवाज ऐकला. दोन वर्षांनी. "वहिनी" म्हणालास. मला वाटलं, ह्यांच्या तब्येतीचं विचारशील. विचारलंस, पण नंतर.

सरकारनं बाहेरची बत्ती अडवली, असं तू सांगितलंस. म्हणजे परवान्याशिवाय आता येणार नाही. कंपन्या माल मागताहेत आणि तुझं गोडाऊन रिकामं होत चाललं आहे. "वसुमतीच्या बायका मिळतील का? वाकडी असली तरी चालेल, वहिनी. जेवढ्या वळतील तेवढ्या घेतो. अडकल्या तर हाताने पॅक करू."

फोन ठेवल्यावर मी देवघरात जाऊन नमस्कार केला. लपवत नाही, डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, देवानं ऐकलं. खोटं नाव घेतलं होतं तरी ऐकलं. ह्यांनाही सांगून टाकलं. ते उठून बसले. खोकत खोकत म्हणाले, "कारखाना झाडून घ्यायला सांग."

आज रविवार, म्हणून सकाळी वसुमतीच्या गल्लीत गेले. ती घरी होती. स्वच्छ साडी, केसात फूल. हात पुढे करून तिनं माझी पिशवी घेतली, आणि मी त्या हाताकडे पाहतच राहिले. आयुष्यभर त्या हाताच्या रेघांत कोळशाची काळी पूड मी पाहिली होती. नखं तर कायमची काळी. आता पांढरी होती.

मी सगळं सांगितलं. तू घेशील, भाव वाढवून देशील, वर्षभर काम राहील.

ती म्हणाली, "वर्षभर म्हणजे सरकार पुन्हा उघडेपर्यंत."

"तसं नाही गं."

"अक्का, तिथे पी.एफ. कापतात. आजारी पडले तर कार्ड आहे. काचेचं ऑफिस आहे, साहेब लोक जेवून उठले की टेबल पुसायचं. लिंबाच्या वासाचं पाणी मारतात वर. त्याचा वास मी आधी घेते बघा, देवाला विचारत नाही." आणि स्वतःच हसली.

"बाकीच्या बायका?"

"दोघी शिवणाच्या फॅक्टरीत. एकीचे गुडघे गेले. धाकट्यांना वळायला येतच नाही. माझ्या लेकीला मी शिकवलंच नाही मुद्दाम. शिकवलं असतं तर तीही बसली असती फळीवर."

तिनं कॉफी दिली. निघताना म्हणाली, "अक्का, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही कधी हिशेबात चुकला नाहीत माझ्याशी. पण ते महिने आम्ही वाट पाहिली ना, तेव्हा यजमानांनी नाही म्हणायला तरी यायचं होतं." मग थांबून म्हणाली, "मठात यंदा माझ्या हातच्या बत्त्या लागल्या म्हणून रविकिरण सांगत होता. मी म्हटलं, असेल बाबा, माझ्या हातांना माहीत नाही."

दारात फळी होती. तिच्यावर कुंडी ठेवली आहे.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, बायका नाहीत. का नाहीत, ते त्यांनी विचारलं नाही. नुसते आडवे झाले. कारखाना झाडून झाला होता, त्या मुलाचे पैसे द्यावे लागले.

वहिनी


संक्रांत, १५ जानेवारी २०२०

चि. देवव्रत,

तिळगूळ पोचला. नयनानं स्वतः केला असेल तर तिला सांग, पाक थोडा जास्त झाला, पण चव छान आहे.

कागदही पोचले. वाचले, दोनदा. तू आता यंत्रं आणलीस, बत्ती इथेच करतोस, येलहंक्यालाच. यंत्रं त्याच देशातून आली म्हणालास. बत्ती अडवली, यंत्र अडवलं नाही. असो, ते मोठ्या लोकांचं आहे.

आणि त्या बत्तीला तुला आपला छाप हवा आहे. सासऱ्यांचा छाप. त्याबद्दल तू दर महिन्याला जे देऊ म्हणतोस, ते मी घरखर्चाशी लावून पाहिलं. औषधं निघतात. श्वासाच्या यंत्राचं भाडं निघतं. हो, यंत्र आणलंय भाड्यानं, आता लपवून काय करायचं. रात्रंदिवस पलंगाशेजारी घरघरत असतं. तेही बाहेरच्याच देशात बनलेलं आहे, मागे बारीक अक्षरात लिहिलंय. रोज त्याला हळदकुंकू लावते. त्याच्यावर राग धरून कसं चालेल?

तू कमी देत नाहीस. भीक घातल्यासारखंही लिहिलं नाहीस. वाचताना मला कमरेएवढा देवव्रत दिसला.

कागद ह्यांच्या उशाशी ठेवले. नळी बाजूला करून म्हणाले, "पहिली बत्ती पाठवलीय का त्यानं?"

पाठवली होतीस. केळीच्या पानात गुंडाळून. ते पान मी पुसून देवघरात ठेवलं. तुला अजून आठवतं.

हे म्हणाले, "तू लाव. तू सरी म्हणालीस की मी सही करतो."

मी म्हटलं, "पूर्वी एकदा म्हटलं होतं."

"माहीत आहे," हे म्हणाले. बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. "म्हणूनच सांगतोय. ह्या वेळी खरं म्हण."

एवढंच बोलणं झालं आमचं त्या बत्तीबद्दल. जूनपासून आजपर्यंत एवढंच.

सकाळी आंघोळ करून मडीनं, सोवळ्यात, देवघरात गेले. समई लावली. बत्ती हातात घेतली. चांगली आहे, देवव्रत. सरळ आहे, एकसारखी आहे. हुंगली नाही, पण मला वाटतं वासही चांगला असणार, अत्तर अण्णांनीच तुला शिकवलेलं आहे. काडी गोल आहे, त्याचंही मी काही म्हणत नाही. काडेपेटी उघडली आणि नाव घ्यायला तोंड उघडलं.

नाव नव्हतं.

नयनाला फोन केला. ती हसली नाही, हे तिचं चांगलं. म्हणाली, "वहिनी, नाव कुठलं घालणार? मशिनवर कॉन्ट्रॅक्टची मुलं असतात, शिफ्टमध्ये तीन-चार. रोज तीच येतील असंही नाही. बिहारची, रायचूरची, कुठली कुठली. कंपनीचंच नाव घ्या ना."

कंपनीचं नाव देवाला कसं सांगू? कंपनीचे हात कुठे असतात?

तुझं नाव घ्यावं असंही मनात आलं. पण तुझ्या हातची नाही ती. एकदा ज्या बाईनं वळली नाही तिचं नाव मी घेतलं, आणि ती मात्र आता काचेचं ऑफिस पुसते. पुन्हा घेववत नाही. औषधांसाठीही नाही. हे पलीकडच्या खोलीतून ऐकत होते. यंत्राची घरघर थांबली की मी धावत जाते, तशी आताही ती थांबली आणि मी धावले. बघते तर त्यांनीच बंद केलं होतं, मी काय म्हणते ते ऐकू यावं म्हणून. मी पुन्हा चालू केलं.

म्हणून असं कर. ही बत्ती होताना ज्या मुलानं यंत्रात मसाला घातला, किंवा बटण दाबलं, किंवा खाली पडलेली उचलून पुसली, त्याला शोध. तुझ्याच छपराखाली आहे तो. त्याच्यापुढे उभा राहा आणि त्याचं नाव विचार. आडनाव नको, गाव नको. सोडून गेला असेल तर कुठे गेला ते विचार.

कागद उशाशी आहेत, पेन वर ठेवलंय. बत्ती देवापुढे ठेवली आहे, पेटवलेली नाही.

ह्यांचं काही सांगता येत नाही. नाव लवकर कळव.

वहिनी